खेळणाऱ्याचा दिवस : व्हिडिओ गेमच्या अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

व्हिडिओ गेममुळे माणसाचे भले होते की वाटोळे, हा प्रश्न आता शहरापुरता उरलेला नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांतही तो पालकसभेत निघतो, आश्रमशाळेच्या अधीक्षकांच्या खोलीत निघतो, एसटीच्या थांब्यावर निघतो. उत्तरे मात्र बहुधा दोनच ऐकू येतात : ‘पोरं पार बिघडली’ आणि ‘आता जमानाच तसा आहे’. या दोन उत्तरांच्या मध्ये गेल्या काही दशकांत एक अख्खे अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, समाजशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र अशा अनेक शाखांचे लोक त्यात आहेत आणि त्यांचे आपसांत जोरदार वादही आहेत. शिक्षक, आशाताई, पदवीचा विद्यार्थी किंवा मुलाच्या हातातल्या फोनकडे काळजीने पाहणारे आईबाप, यांपैकी कुणीही या क्षेत्रात यावे, म्हणून हा प्रवेशाचा लेख.

खेळाचा गंभीरपणे विचार करण्याची सुरुवात व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधीची आहे. डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात संस्कृतीच खेळातून घडते असे मांडले. व्हिडिओ गेमला वाहिलेले ‘गेम स्टडीज’ हे संशोधनपर नियतकालिक २००१ मध्ये निघाले. पण लोकांत चर्चा झाली ती कुतूहलापोटी नव्हे, धास्तीपोटी. म्हणून नव्या वाचकाने आधी चार जुने वाद समजून घ्यावेत.

पहिला वाद हिंसेचा. पडद्यावर गोळ्या झाडणारा मुलगा उद्या खरोखर कुणावर हात उगारेल का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध असल्याचे म्हटले. २०२० मध्ये त्याच संस्थेने आपल्या ठरावाला मर्यादा घातली : ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी लहानसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. अँड्र्यू प्रिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार किशोरवयीन मुलांच्या पाहणीत असा संबंध आढळला नसल्याचे लिहिले. पडद्यावरची गोळी ही लोक समजतात तेवढी मोठी खलनायिका नाही, इतके म्हणायला हरकत नाही.

दुसरा वाद व्यसनाचा. अमेरिकेच्या ‘डीएसएम-५’ या मनोविकारांच्या नियमावलीने २०१३ मध्ये गेमचा अतिरेक ‘आणखी संशोधन हवे’ अशा विभागात ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ‘आयसीडी-११’ या आजारांच्या यादीत त्याला विकार म्हणून जागा दिली. ही यादी २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या कसोट्या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेमला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, आणि हे सारे सर्वसाधारणपणे बारा महिने टिकणे. सुट्टीत दोन आठवडे फोनला चिकटलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. अनेक अभ्यासकांनी २०१७ मध्येच या नोंदीला जाहीर हरकत घेतली होती. नैराश्य किंवा घरातला ताण हे खरे दुखणे आणि गेम त्याचे लक्षण, असेही असू शकते, हा त्यांच्या म्हणण्यातला एक मुद्दा. तरीही त्रास खरा असतो. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचारकेंद्र चालते, ते उगाच नाही.

तिसरा वाद फायद्याचा. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की वेगवान अ‍ॅक्शन गेम खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान अधिक तल्लख असते आणि ते सरावाने वाढवताही येते. त्यानंतर ‘मेंदूला व्यायाम’ विकणाऱ्या गेमचे पीक आले. २०१६ मध्ये अशा दाव्यांची कसून तपासणी झाली, तेव्हा दिसले की माणूस त्या त्या कसरतीत सुधारतो. ती सुधारणा रोजच्या जगण्यात उतरल्याचा पुरावा फार तोकडा आहे. याउलट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एडीएचडी हा लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला उपचार म्हणून मान्यता दिली. सरसकट गुणगान आणि सरसकट नकार, दोन्ही इथे टिकत नाहीत.

चौथा वाद मनःस्वास्थ्याचा, आणि अलीकडचे सर्वांत चोख काम याच भागात झाले आहे. आधीचे संशोधक लोकांनाच विचारत, ‘तुम्ही किती तास खेळता?’ लोकांना ते नीट सांगता येत नाही. म्हणून ऑक्सफर्डच्या गटाने कंपन्यांकडून खेळण्याच्या प्रत्यक्ष नोंदी मिळवल्या. २०२२ मध्ये ३८,९३५ खेळाडूंच्या नोंदी पाहून त्यांनी सांगितले की खेळण्याच्या तासांचा मनःस्वास्थ्यावर होणारा परिणाम जवळजवळ नगण्य आहे. आपल्या ओढीने खेळतो की सुटत नाही म्हणून खेळतो, याला जास्त महत्त्व आहे. २०२४ मध्ये जपानमधला अभ्यास आला. कोरोनाकाळात तिथे गेमची यंत्रे कमी पडली आणि दुकानांनी ती सोडत काढून विकली. कुणाला यंत्र मिळाले हे नशिबाने ठरले, त्यामुळे आनंदी माणसे गेम खेळतात की गेममुळे माणसे आनंदी होतात, हा गुंता सोडवता आला. १० ते ६९ वयाच्या ९७,६०२ लोकांच्या उत्तरांवरून दिसले की यंत्र मिळालेल्यांचा मानसिक ताण थोडा उतरला होता.

इथपर्यंत आलेल्या वाचकाला वाटेल, झाले, निकाल लागला. तो लागलेला नाही, आणि का नाही हे जव्हार-मोखाड्यातून जितके स्पष्ट दिसते तितके ऑक्सफर्डमधून दिसत नाही.

वरच्या बहुतेक अभ्यासांत एक माणूस गृहीत धरलेला आहे : त्याचे स्वतःचे यंत्र आहे, स्वतःचे खाते आहे, दिवसाचे काही तास त्याचे स्वतःचे आहेत. आता ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणारा ‘असर’चा २०२४ चा अहवाल पाहा. ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांतल्या ३६.२ टक्के मुलग्यांकडे आणि २६.९ टक्के मुलींकडेच तो स्वतःचा आहे. म्हणजे बहुतेक मुले दुसऱ्याच्या फोनवर खेळतात, आणि मुलींच्या वाट्याला तो आणखी कमी येतो.

जव्हार आणि मोखाड्यात दहांतले नऊ जण वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांतले आहेत. भात, नागली, वरईची कामे उरकली की दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाआधी परततात. मुले कधी सोबत जातात, कधी आश्रमशाळेत राहतात. अनेक पाड्यांवर रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. अशा घरात फोनवर मुकादमाचा निरोप येतो, बँकेचा संदेश येतो, गावाकडच्या आजारपणाची खबर येते. त्याच फोनचे चार्जिंग मुलाने गेममध्ये संपवले, तर तोटा होतो तो मुलाच्या मेंदूचा नव्हे, घराच्या व्यवहाराचा. या तोट्याला कुठल्याही मनोविकारांच्या यादीत रकाना नाही. उलट, भट्टीवर शाळा नाही, मित्र नाहीत, अशा मुलाला संध्याकाळचा अर्धा तास गेम कदाचित बरेच काही देत असेल. त्यालाही रकाना नाही.

कंपनीच्या नोंदींचीही इथे पंचाईत होते. एका फोनवर एक मुलगा खेळतो आणि चौघे खांद्यावरून बघत सल्ले देतात. सर्व्हरवर त्याची नोंद होते एका खेळाडूची. बघणे हा खेळाचाच भाग असतो, हे या मुलखाला शिकवायला नको. मोखाडा-जव्हारच्या बोहाड्यात मुखवटे घालून सोंगे नाचतात, तेव्हा बघायला जमलेले गाव बाजूला नसते, तेही त्या खेळात असते. फोनभोवतीच्या त्या पाच मुलांपैकी कोण किती खेळले, हे मोजण्याची रीत अजून घडायची आहे.

ती घडवायला फार लांब जावे लागणार नाही. याच जिल्ह्याच्या डहाणू भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. मूल दिवसभर करते काय, हे पाहिले. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, गुरे राखायची असतात, हे कळल्यावर शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. खडे, पाने, बिया हीच साधने केली. आधी निरीक्षण, मग निवाडा, ही त्यांची शिस्त. गेमच्या अभ्यासाला तिची नितांत गरज आहे. ‘स्क्रीनसमोर किती तास?’ याऐवजी ‘मुलाचा अख्खा दिवस कसा गेला आणि त्यात गेमने कशाची जागा घेतली?’ असे विचारले, की प्रश्नाला उत्तर देता येण्याजोगा आकार येतो. गेमने झोपेची जागा घेतली तर तो घातक. रिकाम्या, एकाकी वेळेची घेतली तर उपकारक. विटीदांडूची किंवा ओढ्यातल्या पोहण्याची घेतली तर काय गमावले आणि काय मिळाले, ते तपासून सांगावे लागेल.

पैशाचा प्रश्न मात्र वेगळा धरावा. खेळ आणि पैज यांतला फरक आपल्या परंपरेला जुनाच ठाऊक आहे. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे सूक्त आहे, महाभारताचा अनर्थ द्यूतातून होतो. दुसरीकडे तुकोबांच्या गाथेत हमामा, हुतुतू, विटीदांडू हे खेळ परमार्थाचे बोट धरून येतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही अशीच रेघ ओढली आहे : पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सना मान्यता, शिक्षा खेळणाऱ्याला नाही, तर असे गेम चालवणाऱ्याला, त्यांची जाहिरात करणाऱ्याला आणि त्यांचा पैसा पुरवणाऱ्याला. पण रेघेवर उभ्या असलेल्या गोष्टी उरतातच. साध्या गेममध्ये पैसे भरून उघडायची नशिबाची पेटी जुगारात मोडते, असे बेल्जियमने २०१८ मध्ये ठरवले. हंगामाच्या उचलीवर जगणाऱ्या घरात असे शंभर रुपये किती मोठे असतात, हा इथल्या अभ्यासकाचा विषय आहे.

बंदीविषयीही एक सावधगिरी. २०१९ मध्ये एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात ‘पब्जी’ या मोबाइल गेमवर बंदी मागणारी याचिका दाखल झाली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंद केलेल्या ११८ अ‍ॅप्समध्ये पब्जीही होते, तेव्हा पुष्कळ पालकांना वाटले, मुलांसाठी बंद झाले. सरकारने दिलेले कारण देशाच्या सुरक्षेचे आणि माहितीच्या गैरवापराचे होते. पुढच्याच वर्षी तोच खेळ भारतीय नावाने परत आला. बंदीने मुलांवर काय परिणाम झाला, हे बंदीच्या बातमीवरून कळत नाही. त्यासाठी मुलांकडेच जावे लागते.

शेवटी, या क्षेत्रात येताना एक ओझे उतरवून ठेवावे. जव्हार म्हटले की तालुक्यातल्या वावर-वांगणी गावांचे कुपोषण, पाणीटंचाई, स्थलांतर, याच प्रश्नांसाठी अभ्यासक इथे येत आले, आणि ते प्रश्न खरेच आहेत. पण त्यातून एक समजूत रुजली, की गरिबाच्या हातातला फोन अभ्यासासाठी, योजनांसाठी, ‘विकासा’साठीच असावा, त्यावर तो खेळला तर वाया गेला. पायल अरोरा यांनी २०१९ च्या ‘द नेक्स्ट बिलियन यूजर्स’ या पुस्तकात याच समजुतीला हात घातला आहे : गरीब माणसेही इंटरनेटवर आधी करमणूक, मैत्री आणि खेळच शोधतात, इतर सगळ्यांसारखीच. पुण्यातल्या मुलाचा गेम हा छंद आणि मोखाड्यातल्या मुलाचा गेम हे संकट, असे मानून निघालेला अभ्यास पहिल्याच पायरीवर घसरतो.

म्हणून नव्या अभ्यासकाला सुचवायचे ते इतकेच. एक पाडा निवडा. काही मुलामुलींच्या दिवसांची नोंद त्यांच्याच मदतीने ठेवा; एकदा पावसाळ्यात, घर गावात असताना, आणि एकदा दिवाळीनंतर, घर भट्टीवर किंवा मूल आश्रमशाळेत असताना. फोन कुणाचा होता, कुणासोबत खेळले, कोणते काम किंवा किती झोप राहिली, पैसे गेले का, बहिणीला पाळी मिळाली का, एवढे लिहा. वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाशी त्याच्या बोलीत बोला. गेम हानिकारक की हितकारक, याचे एकच उत्तर त्या वह्यांतून निघणार नाही. कुणाला, कोणत्या हंगामात, कोणत्या घरात, याची उत्तरे निघतील. आणि पालकसभेत उभे राहून बोलायला तीच उपयोगी पडतील.