एका तट्टाच्या सात पिढ्या



रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात दोनच माणसांपुरती एक लहानशी खोली असते. तिला ‘कूपे’ म्हणतात. तिकीट तपासनिसाच्या तोंडून हा शब्द तुमच्यापैकी काहींनी ऐकलाही असेल. शब्द मूळचा फ्रेंच आणि त्याचा अर्थ ‘कापलेले’. पूर्वी युरोपात समोरासमोर दोन बाकांची बंद घोडागाडी असे. तिचा एक बाक जणू कापून टाकला आणि दोघांपुरती आटोपशीर गाडी केली, ती कूपे. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, पण शब्द तेवढा राहिला. दोन दारांची, पक्क्या टपाची, मागे उतरत गेलेली आणि मुख्यतः पुढे बसणाऱ्या दोघांसाठी केलेली मोटार म्हणजे कूपे.

अशाच एका अमेरिकन कूपेची कुळकथा आज तुम्हाला सांगायची आहे. तिचे नाव मस्टँग. ती फोर्ड कंपनीची. १९६४ साली ती जन्मली, तेव्हापासून तिचे उत्पादन सलग चालू आहे आणि आज तिची सातवी पिढी रस्त्यावर आहे. तुम्ही म्हणाल, “आमच्या गावात येते ती एस.टी., नाहीतर ट्रॅक्टर. त्या परदेशी मोटारीचे आम्हाला काय?” प्रश्न रास्त आहे. पण मी इतिहास शिकवणारा माणूस. एखादी वस्तू साठ वर्षे टिकली की तिच्या अंगावर त्या देशाच्या लोकसंख्येचे, तेलाच्या भावाचे, कायद्यांचे आणि लोकांच्या मनाचे वळ उठलेले असतात. ते वाचता आले, तर वस्तूचीही बखर होते. ती बखर कशी वाचावी, एवढेच आज पाहू.

आधी नावापासून सुरुवात करू. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत घोडे नेले. त्यांतले काही सुटले, माळरानावर वाढले आणि त्यांचे कळप झाले. अशा धनी नसलेल्या, मोकाट जनावराला स्पॅनिश भाषेत जो शब्द होता, त्याचेच रूप पुढे ‘मस्टँग’ झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकन लढाऊ विमानाचेही हेच नाव होते. गाडीच्या तोंडावर म्हणूनच धावता घोडा आहे. आणि गंमत अशी, की या गाडीच्या मागोमाग तशाच ज्या गाड्या निघाल्या, त्या साऱ्या जातीला अमेरिकेत ‘पोनी कार’ म्हणू लागले. पोनी म्हणजे तट्टू. तट्टू म्हटले की आपल्याला भीमथडीचे तट्टू आठवते. अंगाने लहान, चारा थोडा, पण दम मोठा. मराठ्यांच्या फौजा त्याच्या पाठीवर किती लांबवर गेल्या, ते तुम्हाला सांगायला नको. ही उपमा मनात असू द्या. पुढे ती कामी येईल.

१९४५ साली महायुद्ध संपले. लाखो सैनिक घरी परतले, त्यांचे संसार सुरू झाले आणि १९४६ पासून अमेरिकेत पाळणे भराभर हलू लागले. आता हिशेब करा. १९४६ साली जन्मलेले मूल १९६४ साली अठरा वर्षांचे होते. म्हणजे त्या सुमारास कमावत्या वयाला येणाऱ्या तरुणांची एक लाटच येणार, हे जन्मनोंदणीच्या वहीवरून आधीच दिसत होते. फोर्ड कंपनीतल्या ली आयाकोका नावाच्या अधिकाऱ्याने ते पाहिले. हा इटलीतून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा. १९६० साली फोर्ड विभागाची सूत्रे त्याच्या हाती आली. कंपनीचे हात तेव्हा नुकतेच पोळले होते. १९५७ साली मोठा गाजावाजा करून काढलेली एड्सेल ही गाडी दोन-अडीच वर्षांत बंद करावी लागली होती. तेव्हा आधी गाडी आणि मग गिऱ्हाईक, हा उलटा क्रम आता परवडणारा नव्हता.

आयाकोकाची अट सरळ होती. गाडी चौघांची हवी, वजन २५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११३० किलोंच्या आत हवे आणि किंमत २५०० डॉलरच्या आत हवी. एवढ्या पैशांत सगळेच नवे कोठून करणार? म्हणून फोर्डच्याच फाल्कन या साध्या कुटुंबवत्सल गाडीचा पाया आणि पुष्कळसे भाग घेतले. वरचे रूप मात्र नवे दिले. पुढचे बॉनेट लांब, मागचा भाग आखूड. उभी असली तरी आता सुटेल की काय, असे वाटावे! आतले घर जुने, पण दर्शनी ओसरी नवी, असा तो प्रकार होता.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांपुढे आली. किंमत २३६८ डॉलर. त्या वर्षी अमेरिकेतल्या मध्यम कुटुंबाची वार्षिक मिळकत सुमारे ६६०० डॉलर होती. म्हणजे गाडीसाठी वर्षाच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा आणि वर थोडे. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली, पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आत दहा लाखांचा आकडा गाठला. शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. विक्रीच्या ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच शिकागोतल्या एका दुकानदाराने जी मस्टँग विकली, ती घेणारी होती एक बावीस वर्षांची शाळामास्तरीण.

या गाडीची आणखी एक खुबी होती. मूळ गाडी साधी. पण इंजिन कोणते हवे, रंग कोणता, बैठक कशी, हे सगळे पैसे टाकून निवडता येई. पोळ्याच्या दिवशी एक जण बैलाच्या शिंगांना नुसता रंग लावतो, दुसरा पितळी शेंब्या बसवतो, तिसरा रेशमी झूल घालतो. बैल त्याच जातीचा, पण प्रत्येकाला वाटते माझा वेगळा. तसेच हे.

यशाबरोबर मोह आला. १९६६ च्या शरदात जनरल मोटर्सने कॅमारो ही प्रतिस्पर्धी गाडी काढली आणि दोघांत चढाओढ लागली. हिचे इंजिन मोठे, तर माझे त्याहून मोठे! मोठे इंजिन बसायला पुढचा भाग रुंद हवा. पुढचा भाग रुंद झाला की गाडी लांब हवी, आणि गाडी लांब झाली की वजन वाढणारच. १९६७, १९६९, १९७१ अशा एकेका टप्प्याला मस्टँग फुगत गेली. १९७३ ची गाडी पहिल्या गाडीहून एक फुटाने लांब होती. १९६६ च्या हंगामात सहा लाखांवर बनलेली ही गाडी १९७२ च्या हंगामात सव्वा लाखावर आली. विम्याचे हप्ते चढले होते, १९७० च्या कायद्याने धुरावर बंधने आणली होती, हे खरेच. पण मूळ दुखणे निराळे होते. तट्टाचा हत्ती झाला होता. अति तेथे माती, ती अशी.

आयाकोकाने मग कठोर उपाय केला. दुसरी पिढी, म्हणजे ‘मस्टँग टू’, १९७३ च्या सप्टेंबरात आली. ती आधीच्या गाडीपेक्षा दीड फुटाने आखूड होती आणि फोर्डच्या पिंटो या लहान गाडीशी तिचे जवळचे नाते होते. मूळ इंजिन चार सिलिंडरचे, २.३ लिटरचे, शक्ती अवघी ८८ अश्वशक्ती. आठ सिलिंडरचे इंजिन अमेरिकेत पहिल्या वर्षी मिळतच नव्हते. शौकिनांनी नाके मुरडली. पण पुढच्याच महिन्यात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल अडवले, पंपांसमोर रांगा लागल्या आणि हीच लहान गाडी लोकांना हवीशी झाली. त्या हंगामात पावणेचार लाखांहून अधिक मस्टँग बनल्या. आज जुन्या गाड्यांचे षोकीन या पिढीला हिणवतात. मला ते पटत नाही. दुष्काळात ज्या जनावराने घर तगवले, त्याला सुकाळात नावे ठेवू नयेत.

तिसरी पिढी १९७९ ची. तोवर आयाकोका कंपनीत नव्हता. १९७८ साली हेन्री फोर्ड दुसरे यांनी त्याला काढून टाकले होते. ही गाडी सरळ रेषांची आणि हलकी होती. तिने पंधरा वर्षे काढली, आणि तिच्याच काळात सगळ्यांत मोठा पेच पडला. १९८०च्या दशकात कंपनीने ठरवले की पुढची मस्टँग जपानच्या मझदा कंपनीच्या पायावर करावी. जुन्या मस्टँगमध्ये इंजिनाचे बळ मागच्या चाकांना मिळे. नव्या गाडीत ते पुढच्या चाकांना मिळणार होते. कारण सरळ हिशेबाचे होते. पेट्रोल कमी लागेल आणि खर्च वाचेल. १९८७ साली ही बातमी बाहेर फुटली आणि कंपनीकडे पत्रांचा पाऊस पडला. लोकांचे म्हणणे एकच. गाडी कोणतीही काढा, पण तिला मस्टँग म्हणू नका.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना! कंपनी नमली. ती नवी गाडी ‘प्रोब’ या दुसऱ्या नावाने बाजारात आली आणि मस्टँग राहिली. आज प्रोब नाही, मस्टँग आहे. काळाचा खेळही बघा. ज्या फ्लॅट रॉक गावच्या मझदाच्या कारखान्यात प्रोब बनत असे, त्याच कारखान्यात २००४ पासून मस्टँग बनू लागली.

लोकांचे ऐकले खरे, पण आता गाडी नवी करायला पैसा मर्यादित होता. अभियंत्यांच्या एका लहान तुकडीने जुन्याच सांगाड्याची दुरुस्ती करून चौथी पिढी उभी केली. ती १९९४ च्या हंगामाची. बाजूच्या पत्र्यावरची खोबण, मागचे तीन पट्ट्यांचे दिवे, अशा पहिल्या गाडीच्या खुणा तिने परत आणल्या. २००२ साली कॅमारो बंद पडली. ती काही वर्षांनी परतली, पण मधला काळ मस्टँगने एकटीने काढला. २००५ च्या हंगामातली पाचवी पिढी तर साठीच्या दशकातल्या गाडीचा चेहराच घेऊन आली. नातीत आजीचा तोंडवळा उतरावा, तसा.

सहावी पिढी २०१५ च्या हंगामाची. आजवर मस्टँग मुख्यतः अमेरिकेसाठी बनत असे. आता प्रथमच ती कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगची निघू लागली आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेली. २०१६ च्या जुलैत ती आपल्याकडेही विकायला आली. दिल्लीत किंमत ६५ लाख रुपये. शिकागोच्या शाळामास्तरणीच्या आवाक्यातली गाडी समुद्र ओलांडून आली आणि आपल्याकडच्या मास्तरांच्या स्वप्नातही मावेना! ऑगस्ट २०१८ मध्ये एक कोटीवी मस्टँग कारखान्याबाहेर पडली. त्याच वर्षी फोर्डने जाहीर केले की अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या साध्या मोटारी बंद करायच्या आणि उंच, जीपसारख्या गाड्यांवर भर द्यायचा. जी नावे वाचली, त्यांत मस्टँग होती. फाल्कन, पिंटो, ज्यांच्या खांद्यावर बसून ती मोठी झाली, त्या साऱ्या केव्हाच इतिहासजमा झाल्या होत्या.

सातवी पिढी सप्टेंबर २०२२ मध्ये लोकांना दाखवली गेली. तिच्या लहान इंजिनात आजही चारच सिलिंडर आहेत आणि माप तेच, २.३ लिटर, पण शक्ती ८८ नव्हे, ३१५ अश्वशक्ती. पन्नास वर्षांत यंत्रविद्या किती पुढे गेली, ते या दोन आकड्यांत दिसते. विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवावेत असेच ते आकडे आहेत. २०२४ च्या हंगामात आरंभीची किंमत सुमारे ३१ हजार डॉलर होती. मध्यम अमेरिकन कुटुंबाच्या मिळकतीशी ताडून पाहिली, तर तेव्हाही ती तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच येत होती.

मग सारे आलबेल आहे काय? तसेही नाही. पहिली गाडी सुमारे ११०० किलोंची होती, आजची १६०० किलोंच्या पुढे आहे. २०२४ साली अमेरिकेत सुमारे ४४ हजार मस्टँग खपल्या. कोठे ते सहा लाख आणि कोठे हे! २०१९ साली कंपनीने चार दारांची, उंच, विजेवर चालणारी एक गाडी दाखवली आणि तिलाही ‘मस्टँग’ हेच नाव जोडले. जुने चाहते कुरकुरले, की ही तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! पण २०२४ साली ही विजेची गाडी मूळ मस्टँगपेक्षा अधिक खपली. १९८७ साली लोकांच्या पत्रांनी नाव वाचवले. या खेपेला लोक पत्रे लिहीत बसले नाहीत, गाड्या विकत घेऊन मोकळे झाले.

आता प्रश्न पडतो, की एखाद्या गोष्टीचे ‘तेपण’ कशात असते? मागच्या चाकांत, घोड्याच्या चित्रात, की तरुण शिक्षिकेला परवडण्यात? सात पिढ्यांनी याची सात उत्तरे दिली. माझ्या मते, ज्या ज्या वेळी मस्टँगला आपल्या तट्टूपणाचा विसर पडला, त्या त्या वेळी ती अडखळली. आणि परत सावरली ती कोणीतरी हा प्रश्न पुन्हा विचारला म्हणून. आठव्या पिढीलाही तो सुटणार नाही.

शिक्षक मित्रांना जाता जाता एक विनंती. हाच प्रयोग तुमच्या शाळेत करून पाहा. लोखंडी नांगर घ्या, उसाचा चरक घ्या, नाहीतर गावात आलेली पहिली एस.टी. घ्या. मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. ती वस्तू केव्हा आली, किती रुपयांना आली, त्या वेळी मजुरी काय होती, तिच्या येण्याने कोणाचे काम वाचले आणि कोणाचे गेले, हे विचारून वहीत सालवार लिहायला सांगा. दोन पाने भरली की गावाच्या इतिहासाचा एक धागा मुलांच्या हाती लागेल, आणि तो पुढे ओढण्याचे काम ती आपणहून करतील.