डबक्यातील पाणी : ‘जिरणे’ आणि ‘आटणे’

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीवर पावसाळ्यात साचणारी डबकी हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु त्या डबक्यातील पाणी नाहीसे होते तेव्हा मराठी भाषा दोन निरनिराळी क्रियापदे योजते. पाणी जमिनीत गेले तर ते ‘जिरले’. उन्हावाऱ्याने कमी झाले तर ते ‘आटले’. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत दोन्ही नोंदी आहेत. जिरणे म्हणजे पचणेही होय; अन्न जिरते तसे पाणी जिरते, म्हणजे ते घेणाऱ्याच्या अंगी लागते. आटण्यात घेणारा कोणी नाही. मागे किती उरले एवढेच हे क्रियापद सांगते. गेले ते कोठे गेले याविषयी ते काहीच बोलत नाही. (जिल्ह्यातील भिल्ली, पावरी, मावची इत्यादी बोलींचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

गेले ते कोठे गेले, याचे उत्तर संस्कृत परंपरेत जुने आहे. सूर्य पृथ्वीवरील रस घेतो तो सहस्रपटीने परत देण्यासाठीच, ही उपमा कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीपाच्या करवसुलीस दिली आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात पाऊस मोजण्याचे भांडे सांगितले असून नर्मदेपलीकडील अवंती देशाचे पर्जन्यमान २३ द्रोण दिले आहे. म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा हिशेब होता. उडून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र फार उशिरा आला. फ्रान्समधील पिएर पेरो याने १६७४ मध्ये दाखविले की, सीन नदीच्या उगमाकडील खोऱ्यात पडणारा पाऊस तेथील नदीप्रवाहाच्या सुमारे सहापट आहे. उरलेल्या पाण्याचे काय होते? एडमंड हॅले याने उन्हाळ्यातील हवेइतके तापविलेले खारे पाणी पसरट भांड्यात ठेवले, तराजूने त्याची घट मोजली आणि त्यावरून भूमध्य समुद्रातून दररोज उडणाऱ्या पाण्याचा अंदाज १६८७ मध्ये प्रसिद्ध केला. समुद्राचे गणित त्याने एका भांड्यावरून, म्हणजे जवळजवळ एका डबक्यावरूनच मांडले!

या क्रियेस शास्त्रीय मराठीत ‘बाष्पीभवन’ म्हणतात. संस्कृतात ‘बाष्प’ म्हणजे वाफ, तसेच अश्रूही. ‘बाष्पी’ यातील दीर्घ ईकार पाणिनीच्या ‘च्वि’ प्रत्ययाचा असून, जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, असा त्याचा अर्थ आहे. ‘आटणे’ जे सांगत नाही ते हा शब्द नेमके सांगतो : पाणी नष्ट झाले नाही, त्याचे रूप पालटले. तरीही तो पाठ्यपुस्तकातच राहिला, आणि माझ्या मते व्यवहाराचे त्यात फारसे नुकसान झालेले नाही.

कारण व्यवहारात प्रश्न वाटणीचा असतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांत सरळ जिरते. पुढे माती फुगून भेगा मिटतात, पाणी वर साचून राहते, आणि त्याचा मोठा वाटा आटण्याकडे जातो. एकाच शेतात जूनमधील पाणी एका क्रियापदाचे आणि ऑक्टोबरमधील दुसऱ्या क्रियापदाचे असते. हवामान खात्याच्या वेधशाळांतून आटणारे पाणी १.२२ मीटर व्यासाच्या उघड्या भांड्यात मोजतात. पशुपक्ष्यांनी प्यायलेले पाणी सूर्याच्या खाती पडू नये म्हणून आपल्याकडे त्यावर जाळी बसवितात.

‘जलचक्र’ या शब्दाने मात्र थोडी फसगत होते. चक्र म्हटले की फिरून त्याच जागी येणे मनात येते. वातावरणात बाष्पाचा मुक्काम सरासरी ८ ते १० दिवसांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत वारा ते शेकडो कोस नेतो. शहाद्याच्या शेतात जिरलेल्या पाण्यातील काही भाग शहाद्याच्या विहिरीत उतरू शकतो. तेथे आटलेले पाणी पाऊस होऊन पडेल ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या शिवारात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या महाराष्ट्रभर रूढ झालेल्या घोषणेत प्रयोजक रूप ‘जिरणे’ याचेच घेतले आहे. ‘आटविणे’ हेही रूप भाषेत आहे, पण ते दुधासाठी आणि मिठागरांसाठी. शेतातील डबके कोणी आटवीत नाही; ते आटते.