घरच्या घोड्याचा आहार : काम थांबले की चंदीही कमी करा

बेळगाव, निपाणी, चिकोडी परिसरात वरातीसाठी, गाडीच्या शर्यतीसाठी किंवा निव्वळ हौसेपोटी दारात घोडा बाळगणारी घरे आजही आहेत. आषाढी वारीत माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्वही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीचेच. एकादशीनंतर चातुर्मास लागतो आणि वरातीचे घोडे तबेल्यात उभे राहतात. काम बंद, पण चंदी तेवढीच, वर पावसाळी हिरवा चारा. दुखणे सुरू होते ते इथेच.

आधी चारा, मग चंदी

घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते. त्यामुळे दिवसभर थोडे थोडे खाणे हाच त्याचा स्वभाव. वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के वाळला चारा रोज हवा. म्हणजे 325 किलोच्या घोड्याला 5 ते साडेसहा किलो. हरभरा, सातू, ओट ही चंदी कामाच्या हिशोबाने आणि दोन-तीन वेळांत विभागून द्यावी. बसून असलेल्या घोड्याला चांगला चारा, मीठ आणि भरपूर पाणी एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. रोज नुसता कोंडा दिल्यास हाडे कमजोर होतात.

वजनकाटा नसेल तर

पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे अंदाजे किलो. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर वजन सुमारे 323 किलो भरते. दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहून ठेवावे. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात.

धोका कुठे?

जादा धान्य, गूळ आणि कोवळे गवत यांमुळे पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आत दाह होतो. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खूर गरम लागतात, घोडा पाऊल टाकायला कचरतो, भार मागे टाकून उभा राहतो. अशा वेळी चंदी लगेच बंद करून पशुवैद्यांना बोलवावे, घोड्याला चालवू नये. कोंबड्यांचे किंवा जनावरांचे तयार खाद्य घोड्यापुढे ठेवूच नये. त्यात मोनेन्सिन असेल तर घोडा दगावतो. कोवळी हिरवी ज्वारीही टाळावी.

बदल सावकाश

लठ्ठ घोड्याला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने रक्तात चरबी वाढून जीवावर बेतू शकते. चंदी आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवावी आणि रोज फिरवणे चालू ठेवावे. घोडा खाऊनही हडकत असेल तर चंदी वाढवण्याआधी दात आणि जंत तपासून घ्यावेत. हंगाम सुरू झाला की चंदीही अशीच बेताबेताने चढवावी.