देवीचा अलंकार : शोभा आणि ओळख

देवीच्या षोडशोपचार पूजेत वस्त्र हा स्वतंत्र उपचार मानला गेला आहे आणि आभूषणे त्याच्या जोडीने येतात. मात्र हा साज केवळ शोभेसाठी नसतो. कुंकू, हिरवा चुडा, मंगळसूत्र, नथ ही सौभाग्याची चिन्हे देवीला जगन्मातेच्या रूपात घरात आणतात. तिची आयुधे याच मातेचे रक्षक रूप दाखवतात.

तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेत सोन्यापेक्षा कवडीला मान आहे. आराधी आणि गोंधळी गळ्यात घालतात ती कवड्यांची माळ देवीशी असलेल्या नात्याची खूण होय. आश्विन नवरात्रात येथे रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी अशा अलंकार महापूजा बांधल्या जातात. सूर्याने रथ, श्रीकृष्णाने मुरली व विष्णूने शेषशय्या देवीला अर्पण केली, अशी श्रद्धा त्यांमागे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांना देवी तलवार देते, हा प्रसंग चौथ्या पूजेत साकारतो. वणीच्या सप्तशृंगीचे रूप भव्य, अठरा भुजांचे असल्याने तिला अकरा वार साडी लागते.

अलंकारातून देवीची ओळखच ठरते, याचे ठळक उदाहरण कोल्हापूरची अंबाबाई. चतुर्भुज पाषाणमूर्तीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र असून मस्तकावर नाग व लिंग ही चिन्हे आहेत. मागे सिंह आहे. देवीमाहात्म्याच्या प्राधानिक रहस्यात वर्णिलेल्या त्रिगुणात्मिका महालक्ष्मीशी ही लक्षणे जुळतात. ही महालक्ष्मी म्हणजे विष्णुपत्नी नव्हे, तर सर्व देवतांचे मूळ असलेली आदिशक्ती. दुसरीकडे, नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून देवीला शालू येतो आणि त्यातून ती विष्णुपत्नी असल्याची लोकश्रद्धा दृढ होते. मूर्तीवरील चिन्हे एक सांगतात, वस्त्र दुसरे.

म्हणूनच येथे साजातील बदल भाविकांच्या जिव्हारी लागतो. २०१५ मध्ये मूर्तीचे रासायनिक संवर्धन झाल्यावर मस्तकावरील नागचिन्हाबाबत वाद उद्भवला. जून २०१७ मध्ये देवीला घागरा-चोली नेसवल्याने संताप उसळला. पारंपरिक पुजाऱ्यांना हटवण्याच्या मागणीने त्यातून जोर धरला आणि २०१८ मध्ये पगारी पुजारी नेमण्याची तरतूद असलेला कायदा विधिमंडळाने संमत केला.

रोजच्या दर्शनात मूळ मूर्ती साडी, फुले व दागिने यांच्याआड जाते आणि बहुतेक भाविकांना दिसतो तो केवळ मुखवटा वा मुख. त्यामुळे मूर्तीवर कोरलेली लक्षणे जपणे जितके आवश्यक, तितकेच तिच्यावर चढवला जाणारा साज त्या लक्षणांशी सुसंगत असणेही आवश्यक ठरते.