पगारातला पी.टी. आणि कातळावरचं कलम

मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात एक छोटी ओळ असते : व्यवसाय कर, म्हणजे आपला ‘पी.टी.’. बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे मिळून २५००. रक्कम इतकी किरकोळ की तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली लावला तो एका ठरलेल्या कामासाठी : खेड्यात जो काम मागेल त्याला काम देता यावं म्हणून. १९९० नंतर या पैशाने कोकणातही मोठं काम काढलं. ते काम होतं खड्डे खणण्याचं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल, आणि त्यात आंब्याचं एक कलम.

गिरणीत, गोदीत, कचेरीत राबणाऱ्या मालवणी चाकरमान्याच्या पगारातून कापलेला पैसा फिरून त्याच्याच गावच्या डोंगरात रुजला. महाराष्ट्रातल्या फळबागांचा इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कोकणात त्या योजनेचं काय झालं, कुठे ती फळली आणि कुठे अडली, हे समजायला मात्र इथूनच सुरुवात करावी लागते.

मालवण तालुक्यातलं मसुरे बहुतेकांना आंगणेवाडीमुळे माहीत असतं. भराडीदेवीची जत्रा जिथे भरते ती आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच एक वाडी. गावाजवळून गड नदी वाहते आणि पुढे कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. या पट्ट्यातली जमीन तीन थरांत बघायची. खाली नदीकाठचे मळे, तिथे पावसाळ्यात भात आणि पाणी असेल तिथे वायंगण. मध्ये घरं, माड, विहिरी. वर वरकस जमीन आणि कातळ : जांभ्या दगडाचा, उन्हाळ्यात तापणारा, पावसात हिरवा होणारा.

गावातल्या भरतगडावर गेलात तर तटाच्या आत आंब्याची बाग दिसते. सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी १७०१च्या सुमारास पुरा केलेला हा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. आज तिथे तोफांऐवजी कलमं उभी आहेत. गड वसवण्याआधी सर्वांत मोठी अडचण पाण्याची होती. खडक फोडून खूप खोल विहीर खणावी लागली, तेव्हा गड राहण्याजोगा झाला. कातळावर काहीही उभं करायचं तर आधी पाणी आणि आधी भांडवल, हा नियम किल्ल्याला होता तसाच कलमालाही होता.

म्हणून जुन्या काळी हापूसची बाग ही ऐपतीची खूण असे. कलम लावल्यावर चार-पाच वर्षं हाती काही लागत नाही. तोवर खत घालायचं, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहायचं, गुरांपासून राखायचं. इंग्रज सरकारने १८८३ आणि १८८४ साली कायदे करून शेतीसुधारणेसाठी तगाई कर्जं देऊ केली होती. पण कर्ज म्हटलं की फेड आली, आणि आंबा तर फेडीची घाई ऐकत नाही. ज्याच्याकडे आधीच पैसा, त्याचीच बाग, असं चित्र बराच काळ राहिलं. बाकीच्यांनी मुंबईची वाट धरली.

दुष्काळासाठी काढलेली योजना

रोजगार हमी योजना कोकणासाठी जन्मलेली नव्हती. तिची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते, खडी फोडणं, अशी ही कामं. पैसा मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागांकडे जास्त गेला, आणि ते रास्तच होतं. धो धो पावसाच्या सिंधुदुर्गात दुष्काळी काम काढायचं कुठे? शिवाय काम मागणारे तरुण आधीच लालबाग-परळला होते.

मग १९९० साली, शरद पवार मुख्यमंत्री असताना, योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. यात एक मोठा बदल होता. तोवर हमीचं काम मुख्यतः सार्वजनिक जागेवर व्हायचं. आता मजुरी सरकारची, पण खड्डा शेतकऱ्याच्या खासगी जमिनीत. लहान शेतकऱ्यांना आणि मागासवर्गीयांना मजुरीसह साहित्याचाही सगळा खर्च, इतरांना मजुरी पूर्ण आणि साहित्याचा पाऊण हिस्सा. पैसे एकदम नाहीत, तर टप्प्याटप्प्याने तीन वर्षांत, झाडं जगली आहेत हे बघून.

यावर तेव्हाही आक्षेप होता आणि तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. हमी होती ती हातावर पोट असणाऱ्याला. तिच्यातून बाग उभी राहणार ती जमीनवाल्याची. मजुराला काही दिवसांची मजुरी आणि मालकाला पन्नास वर्षांचं झाड, हा वाटा न्याय्य आहे का? कोकणात या प्रश्नाची धार थोडी बोथट होते, कारण इथला मालकही बहुधा गुंठ्यांचाच धनी. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्यासाठी ती तशीच राहते.

योजना आली तेव्हा एक गोष्ट तयार होती : रोपं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काम करत होतं, दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं होतं. जुन्या भेट कलमात आईझाडाच्या फांदीशी रोपाची भेट घालून महिनोन्महिने थांबावं लागे. कोय कलमाने तेच काम कोवळ्या रोपावर, थोड्या वेळात आणि मोठ्या संख्येने होऊ लागलं. काजूत वेंगुर्ल्याच्या जाती होत्या, त्यातली वेंगुर्ला-४ ही १९८१ची. काजूची कलमं आली आणि बी टाकून नशिबावर सोडायचं झाड बागेचं पीक झालं. सरकारी पैसा, संशोधन केंद्राचं कलम आणि पडीक वरकस या तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या. योजनेच्या आधी राज्यात फळबागांखाली सुमारे २.४२ लाख हेक्टर क्षेत्र होतं. पुढच्या दीड दशकात ते कित्येक पटींनी वाढलं. कातळ फोडून, बाहेरची माती आणून भरलेले खड्डे कोकणात गावोगाव दिसू लागले.

झाड का, भाजी का नाही?

इथे एक प्रश्न पडायला हवा. सिंधुदुर्गात पाऊस भरपूर, मळ्यांची माती चांगली, पर्यटक आणि खानावळी वाढलेल्या. तरी मालवणच्या बाजारातली कोबी, टोमॅटो, फरसबी घाटावरूनच येते. कोल्हापूर आणि बेळगावकडून गाड्या घाट उतरतात. मग भाजीचं तसं का झालं नाही?

कारण झाड आणि भाजी माणसाकडून वेगवेगळं मागतात. कलमाला पहिली तीन वर्षं माणूस लागतो. मग मोहोर, फवारणी, काढणी अशा हंगामापुरता. मालक मुंबईला असला तरी बाग तग धरते, खंडाने देता येते. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी बागांची राखण नेपाळहून आलेले कामगार करतात. गावचा माणूस मुंबईला आणि नेपाळचा माणूस गावच्या मांगरात, अशी ही साखळी.

भाजीला रोज माणूस लागतो. रोज शिंपणं, रोज खुरपणं, रोज तोडणी आणि त्याच दिवशी बाजार. तांबडी भाजी, मुळा, वाल, चवळी हे सगळं इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आल्या. भात काढल्यावर मळ्यात वाफे करायचे आणि सकाळी टोपली घेऊन बाजारात बसायचं. पण ही शेती सरकारी कागदावर फारशी उमटली नाही. तिला खड्ड्याचं माप नाही, तीन वर्षांचा हप्ता नाही, मोजायला उभं झाड नाही. आणि बऱ्याचदा सातबाऱ्यावर त्या बाईचं नावही नाही.

२००५ मध्ये राष्ट्रीय फलोद्यान अभियान सुरू झालं तेव्हा शेडनेट, हरितगृहं, संकरित बियाणं यांना अनुदान मिळू लागलं. पण त्यासाठीही आधी स्वतःचा पैसा घालावा लागतो. शेजारच्या गोव्याने वेगळी वाट धरली. तिथे सरकारी फलोत्पादन महामंडळ भाजी विकत घेतं आणि गाळ्यांमधून सवलतीत विकतं. ग्राहकाला त्याचा फायदा झाला, पण त्या भाजीतला मोठा वाटा बेळगावहूनच येत राहिला. दर ठरवून देता येतो, रोज वाफ्यात उभा राहणारा माणूस तसा देता येत नाही. त्यात आता माकडं आणि रानडुकरं. चार वाफे लावले तर राखण दिवसभर करावी लागते, आणि राखणीला घरात उरले आहेत ते म्हातारे.

सातबाऱ्यावरची गर्दी

झाडांच्या बाबतीतही योजना सगळ्यांपर्यंत पोचली नाही. कोकणात जमीन सामाईक असते. पणजोबांच्या नावाची वरकस आजोबांच्या पाच भावांकडे आली, त्यांच्याकडून नातवंडांकडे, आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांचा हक्क धरला की एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं सहज होतात. अर्ज करायचा तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. एक काका डोंबिवलीला, एक चुलतभाऊ दुबईला, एकाशी वीस वर्षं बोलणं नाही. संमती मिळेपर्यंत पावसाळा निघून जातो आणि लागवड पुढच्या वर्षावर. ज्यांच्या वाटण्या झालेल्या होत्या ते १९९० नंतर पुढे गेले. ज्यांच्या झाल्या नाहीत त्यांच्या कातळावर आजही गवतच आहे.

पुढे नियम बदलत गेले. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ साली आला आणि फळबाग लागवड त्याला जोडली गेली. त्यात जॉबकार्ड हवं, त्यामुळे अनेक शेतकरी बाहेर राहिले. त्यांच्यासाठी राज्याने २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना काढली. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के. दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली दिसली पाहिजेत. कोकणासाठी क्षेत्राची कमाल मर्यादा १० हेक्टर, इतरत्र ६. मर्यादा उदार आहे. पण सामाईक खात्याला संमतीची अट इथेही आहेच.

तीस वर्षांत योजनेचं नाव बदललं, अनुदानाचे टक्के बदलले, पैसा राज्याचा होता त्यात केंद्राचाही मिसळला. न बदललेली एकच गोष्ट म्हणजे सातबाऱ्यावरची ती नावं. उलट ती दर पिढीला वाढतात. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी काहींचं नाव त्यात असेल, किंवा आजोबांनंतर वारसनोंद झाली की लागेल.

सातबारा आता मोबाइलवर बघता येतो. गाव निवडा, गट नंबर टाका, नावं मोजा. वाटणीसाठी जमीन महसूल संहितेचं कलम ८५ आहे, सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वाटणी नको असेल तर निदान संमतीपत्र तरी. अडचण सगळ्यांना एका जागी आणण्याची असते, आणि ती मसुऱ्यासारख्या गावात वर्षातून दोनदा आपोआप सुटते : गणपतीला आणि जत्रेला. डोंबिवलीचे काका तेव्हा येतातच. देवीचं दर्शन झाल्यावर, परतीची गाडी सुटायच्या आधी, घरात एक कागद फिरवायला फार वेळ लागत नाही. खड्डे मात्र पावसाआधी खणून व्हायला हवेत.