काचघर आणि पानमळा

परक्या हवामानात झाड जगवण्याचा इतिहास बहुधा इंग्लंडपासून सांगितला जातो. १८२९ साली लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना एका बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. बाटलीत पाण्याची वाफ व्हायची, काचेवर थेंब जमायचे आणि पुन्हा मातीत उतरायचे. एवढ्या निरीक्षणातून काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या आणि रोपे महिनोन्‌महिन्यांचा समुद्रप्रवास सोसू लागली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे भारतात पाठवली, ती अशाच पेट्यांतून.

पुढची पायरी काचघराची. चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३६ ते १८४० या काळात 'ग्रेट स्टोव्ह' नावाचे प्रचंड काचघर उभारले. कोळशावर चालणारे आठ बॉयलर त्याला ऊब पुरवत. १८४८ मध्ये क्यू उद्यानातील ताडगृह पुरे झाले. याच पॅक्स्टनने १८३०च्या दशकात मॉरिशसहून आलेल्या एका केळीला फळ आणले आणि तिला ड्यूकच्या घराण्यावरून 'कॅव्हेंडिश' हे नाव मिळाले. आपल्याकडची बसराई आणि ग्रँड नैन ही केळी याच गटातली. ती मूळची दक्षिण चीनकडची. पण तिथल्या ज्या शेतकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांचे नाव कुठल्याच जातीला लागले नाही.

हेच काम वऱ्हाडातही झाले, आणि काच, लोखंड, कोळसा यांतले काहीही नसताना झाले. ते म्हणजे पानमळा.

नागवेल ही मिरीच्या कुळातली वेल. तिचे मूळ घर मलाया-इंडोनेशियाच्या दमट, सावलीच्या जंगलांत. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पश्चिमेचा कोरडा वारा पाने करपवतो आणि पौष-माघाच्या रात्री थंडीचा कडाका असतो. नागवेलीला यातले काहीच मानवत नाही. तरीही अकोट, अंजनगाव सुर्जी या भागांत आणि तिकडे रामटेकला पानमळे पिकले. १९०५ साली जुना वाशिम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधली ९३ वर्षे अकोटचे पानमळे आणि वाशिम एकाच जिल्ह्यात होते. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

पानाशी वाशिमचे नाते त्याहून जुने. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या दिनचर्येत तांबूल आहे आणि त्याच ग्रंथात वत्सगुल्माच्या लोकांचाही उल्लेख आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या दोन उल्लेखांवरून त्या काळी इथे पानमळे होते, असे सिद्ध होत नाही. मात्र या नगराला ज्या संस्कृतीची ओळख होती तिच्यात पान होते, एवढे म्हणता येते.

पानमळ्याची रचना पाहिली की ते बिनकाचेचे घरच वाटते. आधी शेवरी, हदगा, शेवगा, पांगारा अशी भराभर वाढणारी झाडे दाट लावायची. तीच वेलीचा आधार आणि तेच छप्पर. भोवती वाळल्या गवताच्या ताट्या, म्हणजे वारा अडतो आणि आतली ओल आतच राहते. उन्हाळ्यात फांद्या दाट ठेवायच्या, पावसाळ्यात छाटून उजेड आत घ्यायचा. पाणी थोडे थोडे पण वरचेवर द्यायचे. साचले तर मुळे कुजतात आणि मर लागते. वेल फार उंच गेली की तिची उतरण करायची, म्हणजे खालचा भाग वेटोळे करून मातीत दाबायचा. दाबलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. काचघर ऊन कोंडते, पानमळा ऊन गाळतो. वॉर्डच्या बाटलीतली ओल धरून ठेवण्याची युक्ती मात्र दोन्हीकडे एकच.

मग एकाची गणना विज्ञानात झाली आणि दुसऱ्याची का झाली नाही? १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. पानमळ्याची माहिती त्यात आहे, पण ती 'बरई' या जातीच्या नोंदीखाली. सर्पराणीने आपल्या बोटाचे पेर कापून दिले आणि त्यातून नागवेल उगवली, ही कथा तिथे येते. वेल पिकवणारा माणूस तिथे जात म्हणून नोंदला गेला, जाणकार म्हणून नव्हे. पॅक्स्टनही शेतकऱ्याचाच मुलगा. पण तो लिहीत होता, नियतकालिके काढत होता, पुढे त्याला 'सर' ही पदवी मिळाली. बारी समाजाचे ज्ञान हातातून हातात गेले; कागदावर गेले ते दुसऱ्याच्या लेखणीने.

दोन्ही घरांचा शेवटही ताडून पाहावा. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, ग्रेट स्टोव्हमधली झाडे गारठून मेली आणि १९२० साली ती इमारत पाडून टाकली. पण तिची चित्रे, छायाचित्रे, मोजमापे आणि पायाच्या भिंती शिल्लक आहेत. पानमळ्याचा कोळसा म्हणजे विहिरीचे पाणी आणि माणसांची रोजची मेहनत. विहिरी आटल्या, मजुरी परवडेनाशी झाली, गुटख्याने पानाचे गिऱ्हाईक तोडले. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण एकदा मोडलेला मळा बंदीने परत उभा राहत नाही. शेवरी तोडली, नांगर फिरवला की दुसऱ्या वर्षी तिथे कपाशी किंवा सोयाबीन. अवशेष म्हणून काही उरतच नाही.

आज आपल्या शिवारात शेडनेट आणि पॉलिहाऊस उभी राहतात, त्यासाठी अनुदान मिळते, प्रशिक्षण मिळते. ते चांगलेच आहे. मात्र सावली किती टक्के हवी हे शिकवताना, तीच गोष्ट शेवरीच्या छाटणीने साधणारे लोक शेजारच्याच तालुक्यात होते, हे कोणी सांगत नाही.

अकोट-अंजनगाव भागात अजून मळे आहेत. पानपिंपरीसारखी सावलीतली पिकेही तिथे याच पद्धतीने घेतली जातात. उतरण केव्हा करावी, शेवरी कोणत्या नक्षत्रात छाटावी, मर लागल्याची पहिली खूण कोणती, याची उत्तरे तिथल्या जाणत्या माणसांकडे आहेत. ती त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच नावाने लिहून घ्यायला हवीत. त्यासाठी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. वही घेऊन मळ्यात जाणारा कोणीही हे काम करू शकतो, फक्त ते याच पिढीत व्हायला हवे.