डिजिटल तिजोरीचं कुलूप चालतं कसं? लाईट गेली, सेल संपले तर काय? घेण्याआधी हे वाचा

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले किंवा घरात लग्नकार्य निघालं, की दागिने आणि रोकड ठेवायची कुठे हा प्रश्न येतो. लोखंडी कपाटासोबत आता बटणांची छोटी डिजिटल तिजोरीही घेतली जाते. नंबर दाबला की उघडते. पण तिच्या दारात नेमकं काय आहे, हे माहीत नसेल तर पैसे देऊनही माल सुरक्षित राहीलच असं नाही.

कुलपाच्या आत काय असतं?

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. बटण दाबलं की आत 'खट्' असा आवाज येतो. तारेच्या कॉइलमधून वीज गेली की ती चुंबक बनते आणि लोखंडी भाग ओढून घेते. लाईट गेली की चुंबक संपतो, लोखंड सुटतं, मोटार बंद पडते.

डिजिटल तिजोरीतही अशीच छोटी कॉइल असते. तिला सोलेनॉइड म्हणतात. दाराचे जाड दांडे मूठ फिरवल्यावर हाताच्या जोरानेच सरकतात. त्यांच्या वाटेत एक छोटी पिन स्प्रिंगच्या जोरावर अडसर म्हणून उभी असते. नंबर बरोबर असेल तर कॉइलला काही सेकंद करंट मिळतो आणि पिन मागे ओढली जाते. तेवढ्यात मूठ फिरवायची. म्हणजे चुंबकाचं काम फक्त पिन हलवण्याचं. दार धरून ठेवतात ते दांडे आणि पत्रा.

लाईट गेली तर उघडेल का?

नाही. ही तिजोरी घरच्या लाईटवर नाही, सेलवर चालते. बहुतेक छोट्या तिजोऱ्यांत दीड व्होल्टचे ४ सेल, म्हणजे एकूण ६ व्होल्ट लागतात. सेल संपले तरी स्प्रिंग पिनेला जागेवरच धरते, त्यामुळे दार बंदच राहतं.

गैरसमज होतो तो ऑफिसच्या काचेच्या दारांमुळे. तिथे चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी असते. करंट चालू आहे तोवरच दार चिकटून राहतं. आग लागली आणि वीज गेली तर माणसं अडकू नयेत, म्हणून ते उघडं होतं. तिजोरीचं उलट आहे.

सेल संपल्यावर काय करायचं?

सोबत आलेल्या इमर्जन्सी किल्लीने उघडून सेल बदलायचे. काही तिजोऱ्यांना बाहेरून सेल जोडायची सोय असते. ही किल्ली तिजोरीतच ठेवली तर सेल संपल्यावर मोठी पंचाईत होते. देव्हाऱ्यात किंवा तिजोरीवरही ठेवू नका, चोर आधी तिथेच बघतो. अल्कलाइन सेल वापरा आणि वर्षातून एकदा सगळे सोबत बदला. सेल गळाले तर सर्किट खराब होतं.

कमजोरी कुठे असते?

स्वस्त तिजोरीत पिन हलकी आणि स्प्रिंग ढिली असते. जोरदार धक्का बसला किंवा शक्तिशाली चुंबक जवळ आला तर काही तिजोऱ्यांची पिन हलू शकते. चांगल्या कुलपात अडसर सरकवायला छोटी मोटार असते किंवा धक्क्यासाठी वेगळी अडवणूक दिलेली असते. दुकानदाराला सरळ विचारा, 'कॉइलचं लॉक आहे की मोटारीचं?'

त्याहून मोठा धोका म्हणजे छोटी तिजोरी चोर उचलूनच नेतो आणि निवांत फोडतो. म्हणून मागे आणि तळाला बोल्टसाठी भोकं दिलेली असतात, ती वापरा. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तिथे सिमेंटच्या कोब्यात बसवा.

घेताना आणि घेतल्यावर

- दाराचा पत्रा किती जाड, दांडे किती, हे उघडून बघा. तिजोरीसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. त्याचा शिक्का आहे का ते तपासा.
- कंपनीने दिलेला नंबर त्याच दिवशी बदला. मास्टर कोड असेल तर तोही बदला. जन्मतारीख, मोबाईलचे शेवटचे आकडे नकोत.
- नवा नंबर दार उघडं ठेवून दोन-तीनदा तपासा, मगच दार लावा.
- साधी तिजोरी आगीत टिकत नाही. कागद साधारण १७७ अंश सेल्सिअसच्या आसपास करपू लागतो. खरेदीखतासारख्या कागदांच्या प्रती दुसरीकडे ठेवा.
- दागिन्यांचे फोटो आणि पावत्या वेगळ्या जागी ठेवा. चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार देताना उपयोगी पडतात.

सगळं घरातच ठेवावं का?

रोज न लागणारं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणं बरं. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट असते. भाडं २,००० रुपये असेल तर २ लाख. सोनं त्याहून जास्त किमतीचं असेल तर वेगळा विमा काढण्याचा विचार करा.

घरच्या तिजोरीत गरजेपुरतंच ठेवा आणि आधी ती कोब्याला पक्की करा. बटणं किती चमकतात ते नंतर बघा.